मूळ रंगीत फोटो

पुष्पलताचा कडुनिंबाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो नागपूरच्या स्पर्धेत शेवटच्या दहात आला होता. वीज केंद्राच्या कॉलनीत कॅमेरा जिकडे वळवावा तिकडे धुराडं आडवं यायचं. ते कसंबसं टाळून, कडेच्या तारा कापून, सावल्या गडद करत तिने आठवडाभर त्या एका फोटोत जीव ओतला होता.

नियमाप्रमाणे मूळ रंगीत फोटो मागितला गेला, तोही तिने पाठवला. दुपारी आयोजकांचा फोन आला.

"मॅडम, हाही ब्लॅक अँड व्हाइटच आहे. रंगीत पाठवा."

"रंगीतच आहे तो. आमच्याकडे पानांवर राख बसलेली असते."

"संध्याकाळपर्यंत पाठवा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ती तणतणत बादली घेऊन बाहेर गेली आणि फांदीवर पाणी मारत सुटली. तेवढ्यात तिचा नवरा अंकुश ड्यूटीवरून आला.

"काहून वं, झाड काहून धुऊन राहिली?"

"त्याहिले रंग पायजे."

फांदी हिरवीगार निघाली. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. फोटोतलं झाड हे नव्हतंच. नऊ वर्षं दारात उभं असलेलं झाडही हे नव्हतं.