सातव्या सकाळचं पाऊल

पाऊलबाईंनी जुन्या चादरीचा बोळा बुटाच्या टोकात कोंबला, नाडी दोनदा आवळली आणि त्या खडीच्या ट्रेमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. लष्करी बूट त्यांच्या पायाला दोन मापं मोठे होते. समोरच्या पडद्यावर एक जवान खाटेवरून उठून बसला होता आणि तसाच थांबला होता, त्यांची वाट बघत असल्यासारखा.

"मावशी, एकदाच चाला," काचेपलीकडून दिग्दर्शिका माईकमध्ये म्हणाली. "बाकीच्या दहा सकाळी मी तेच आवाज चिकटवते. सकाळ तीच, रस्ता तोच. उगाच गुडघ्यांचे हाल कशाला?"

एक्केचाळीस वर्षं पाऊलबाई या खोलीत दुसऱ्यांची पावलं चालत होत्या. शूटिंगच्या गोंधळात पावलांचा आवाज नीट मिळत नाही. तो मागाहून, पडद्याकडे बघत, कुणीतरी पावलाला पाऊल जुळवून भरावा लागतो. त्या राण्यांसाठी चालल्या होत्या, चोरांसाठी चालल्या होत्या, एका सिनेमात तर पूर्ण पलटण त्यांनी एकटीनं चालवली होती. घोडेसुद्धा धावले होते त्यांच्या हातातल्या करवंट्यांवर. कुणाचं पाऊल त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. येत्या सोमवारी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर हे बूट पायात घालायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे हा शेवटचा सिनेमा. आणि त्यात त्यांचं एकच चालणं, अकरा वेळा चिकटवलेलं.

सिनेमाची गोष्ट साधी होती. परग्रहावरचे प्राणी आभाळातून उतरतात, जवान लढायला जातो, संध्याकाळच्या आत मरतो आणि पुन्हा त्याच सकाळी त्याच खाटेवर जागा होतो. ये रे माझ्या मागल्या. आठवण फक्त त्याला एकट्याला राहते.

"काल पूर्ण सिनेमा बघितलात," दिग्दर्शिका म्हणाली. "बोलला नाहीत काहीच."

"तू विचारलं नाहीस."

"मग आता विचारते."

पाऊलबाई ट्रेच्या काठाला टेकल्या. "पहिल्या तीन वेळा तो मरतो ना, तेव्हा मी पोट धरून हसले. मरणावर हसवणं सोपं नसतं. आणि ते प्राणी! तोंडच नाही त्यांना. तोंड असतं तर मी एवढी घाबरले नसते, तोंड असलेल्याशी निदान भांडता येतं. आणि एवढा गुंता करून धागा कुठे सुटत नाही. माझ्यासारख्या म्हातारीलाही कळत होतं, कितवी सकाळ चाललीय ते."

"आणि वाईट?"

"शेवट. एवढं आभाळ फाडून आले, आणि एका घावात सगळे फ्यूज उडाल्यासारखे विझले."

काचेपलीकडे बसलेल्या म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टनं खोकल्याच्या आड हसू दडवलं.

"निर्मात्यांना तसाच हवा होता," दिग्दर्शिका म्हणाली.

"असेल. आणि जवानाच्या जोडीनं लढणारी ती कॅप्टन. रोज सकाळी एक अनोळखी माणूस येऊन सांगतो, काल मी तुझ्याबरोबर मेलो, आणि ती दोन मिनिटांत चल म्हणते. आमचे हे भाजी आणायला गेलो होतो म्हणाले तरी मी आधी पिशवी बघायचे."

आता दिग्दर्शिकाही हसली, पण थोडंच. आठ महिने ती हा सिनेमा कापत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि समोर ठेवलेला चहा गार झाला होता.

"पण हे सगळं चालून जाईल," पाऊलबाई म्हणाल्या. "खटकतं ते निराळंच. तो थकत नाही गं. रोज हुशार होतो, नेम सुधारतो, उडी लांबते. एकच काम रोज केलं की हात बसतो, मान्य. पण आतून माणूस वाकतो, त्याचं काय? तुझा जवान अकराव्या सकाळीही पहिल्या सकाळीसारखाच उठतो."

"कारण अकराही सकाळी आम्ही एका दुपारी शूट केल्या, मावशी. त्याला दुसऱ्या दिवशी विमान पकडायचं होतं. आता परत शूटिंग होणार नाही."

"चेहरा गेला तुझ्या हातातून. पाय अजून माझ्याकडे आहेत."

दिग्दर्शिकेनं घड्याळ बघितलं. "पाचला स्टुडिओ सोडायचाय. तोवर जमतील तेवढ्या सकाळी घ्या. राहतील त्या मी चिकटवणार."

"चला भाऊ," पाऊलबाई रेकॉर्डिस्टला म्हणाल्या. "पायाला भिंगरी लावा माझ्या."

पहिल्या सकाळी जवान घाबरलेला होता. पाऊलबाईंनी टाच हलकी ठेवली, ट्रेमध्ये जागच्या जागी खडी नुसती करकरवली. बराकीपासून फाटकापर्यंत चाळीस पावलं. फाटकाआधी एक डबकं, त्यात त्याचा डावा पाय पडायचा. त्यासाठी ट्रेला लागून पाण्याचा पसरट टब ठेवला होता. दुसऱ्या सकाळी पावलं गोंधळलेली, तिसऱ्या सकाळी चिडलेली. चौथीला त्यांनी टाच जोरात रोवली, आता याला रस्ता ठाऊक झाला होता. पाचवीला जराशी ऐट. सहावीनंतर त्या थांबल्या, गुडघे चोळले, घोटभर पाणी प्यायल्या.

"बाई, पुरे का?" रेकॉर्डिस्टनं विचारलं.

"पुरे म्हणायला तुम्ही माझे डॉक्टर का भाऊ?"

सातवी सकाळ लागली. जवान खाटेवरून उठला, निघाला. पाऊलबाई निघाल्या. आता पावलांत ऐट नव्हती, राग नव्हता. टाच उचलली जायची तेवढीच उचलली जात होती आणि खडीवर जरा घासत होती. त्या पडद्याकडे बघत होत्या, पण मुद्दाम जुळवत नव्हत्या, आपोआप जुळत होतं. सदतीस. अडतीस. एकोणचाळिसाव्या पावलाला पडद्यावर जवानाचा डावा बूट डबक्यात पडला, पाणी उडालं. आणि खोलीत पाण्याचा आवाज झालाच नाही.

पाऊलबाईंचा पाय टबाला वळसा घालून कोरड्या खडीवर पडला होता.

"पाणी," दिग्दर्शिका म्हणाली. "मावशी, पाणी राहिलं."

पाऊलबाईंनी खाली बघितलं. टब जिथल्या तिथे होता. एक्केचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांचे कान तापले.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "सहा वेळा पाय भिजला, सातव्यांदा आपसूक बाजूला झाला. परत घ्या. भाऊ, परत लावा."

रेकॉर्डिस्टनं मागे नेलं. पण दिग्दर्शिकेनं त्याच्या हातावर हात ठेवला. "आत्ताचंच ऐकवा."

त्यांनी ऐकलं. घासत चाललेली पावलं, मग एक छोटा वळसा, मग पुन्हा घासत चाललेली पावलं. पडद्यावर मात्र जवान खुशाल डबक्यात पाय घालत होता. चित्र आणि आवाज सरळ सरळ भांडत होते. दिग्दर्शिकेनं ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले होते.

"हे ठेवायचं," ती म्हणाली.

"वेडी का तू? लोक म्हणतील, आवाजवालीला झोप लागली होती."

"पाय दाखवतच नाही ना. डबक्याचा शॉट काढते. त्याच्या पाठीचा आहे एक, तो लावते."

पाऊलबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आजवर चित्र पुढे जायचं आणि त्या मागून जायच्या. त्यांच्या पावलासाठी कुणी चित्र कापल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि त्यांना बरंच काही आठवत असे.

"मावशी," दिग्दर्शिकेनं वही पुढे ओढली, "आठव्या सकाळी तो कसा चालेल?"

पाऊलबाईंनी विचार केला.

"आठव्या सकाळी तो आधी बसेल."

"पडद्यावर तर तो लगेच उठतो."

"उठू दे. मला बसू दे."

त्या ट्रेच्या काठावर बसल्या. डावा पाय लांब केला, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. खडीचे दोन दाणे घरंगळले. त्यांनी अगदी स्वतःचाच एक मोठा उसासा सोडला, मग दुसरा, थोडा तुटलेला. मान वर केली तेव्हा दिसलं, रेकॉर्डिस्ट कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून खाली बघत होता आणि माईकवरचा लाल दिवा चालूच होता. दिग्दर्शिकेनं ओठांवर बोट ठेवलं होतं.

पाऊलबाईंनी बुटाची सैल झालेली नाडी सावकाश आवळली, आणि उठायच्या आधी आणखी एक श्वास घेतला. हा मात्र नीट, जवानाच्या मापाचा.