बिबट्याच्या डोळ्यातला बोल्ट

कल्पना करा मुलांनो, तुम्ही नैरोबीतल्या एका मटाटूच्या मागच्या बाकाखाली पालथे पडला आहात. मटाटू म्हणजे तिथली प्रवाशांची गाडी. आतून, बाहेरून, छतापासून तळापर्यंत रंगवलेली. नाकात ताज्या रंगाचा वास. समोर पत्र्यावर एक पिवळा बिबट्या तुमच्याकडे रोखून बघतोय. आणि शेजारी दातांत टॉर्च धरून नेकेसा आंटी पडलीये, म्हणून तिला काही विचारायची सोय नाही.

"आवाज चढव," ती दातांतूनच म्हणाली.

ड्रायव्हरने बटण फिरवलं. ढम, ढम... बाक थरथरले, खिडक्या वाजल्या आणि अचानक सगळं गप्प. गाण्याचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरवर लाल दिवा लागला.

"पाचव्यांदा!" गाडीचा मालक ओगुटू दारातून ओरडला. "जळाला तो, आंटी, जळाला! मान्य कर."

नेकेसाने टॉर्च हातात घेतला. "जळाला असता तर वास आला असता. मला फक्त तुझ्या घामाचा येतोय."

गॅरेजच्या अंगणातली माणसं हसली. ओगुटू नाही हसला. "दोन वाजता पहिली फेरी आहे. मुक्या गाडीत कोण चढेल? तोवर वाजलं नाही, तर ही गाडी आणि माझ्या बाकीच्या सहाही ग्रोगन रस्त्यावरच्या फुंदीकडे जातील. सांगून ठेवतो."

फुंदी म्हणजे मिस्त्री. नेकेसाही फुंदीच होती, बावीस वर्षं, याच अंगणातल्या जॅकरांडाच्या झाडाखाली. पहिल्या वर्षी लोक तिच्याकडे फक्त बिघडलेले रेडिओ आणायचे. बाईच्या हातात अख्खी गाडी कोण देणार? मग एकाने दिली, मग दुसऱ्याने. ओगुटूच्या सातही गाड्यांची एकेक तार तिने ओढली होती. त्या गेल्या, तर झाडाखाली बसून पुन्हा रेडिओच उघडायचे.

साडेबारा वाजले होते.

"ही वायरिंग मी तीन आठवड्यांपूर्वी केली," ती म्हणाली. "तेव्हा तासभर गाणी वाजवून दाखवली होती. त्यानंतर गाडीला कोणी हात लावला?"

"मी," रंगारी मुस्योका पुढे आला. "पण मी रंगवतो बाई, तारा नाही तोडत. बघ तरी, असा बिबट्या अख्ख्या उमोजा वस्तीत नसेल!"

त्याची नऊ वर्षांची मुलगी म्वेंडे पायरीवर बसली होती. शाळेला सुट्टी होती. बाकांखाली मोठ्यांचा हात पोचत नाही, म्हणून तिथलं रंगकाम तिच्याकडे असायचं. आज सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"म्वेंडे, ये गं आत. माझा चष्मा फुटलाय, मीटरवरचे आकडे तू वाच."

म्वेंडे सरपटत आत गेली. नेकेसाने मीटरच्या दोन सुया अँप्लिफायरला लावल्या. गाणं हळू होतं तेव्हा म्वेंडेने वाचलं, "तेरा व्होल्ट." आवाज चढला. "बारा... दहा... नऊ!" आणि गप्प.

"आता बॅटरीवर बघू." तिथे आवाज चढवूनही तेराच राहिले.

"म्हणजे बॅटरी देतेय, पण इथे पोचत नाही. वाटेत कुठेतरी अडतंय. तुमच्याकडे मोरीत नळ जोरात सोडला आणि बाहेर जायचं भोक तुंबलेलं असलं तर काय होतं?"

"पाणी साचतं."

"विजेचंही तसंच. येते लाल तारेने. पण परत जायलाही रस्ता हवा. तो रस्ता म्हणजे ही काळी तार आणि गाडीचा पत्रा."

मीटर दोन्ही टोकांना पोचावा म्हणून तिने बॅटरीपासून एक लांब तार आणली. आधी लाल तारेची दोन टोकं तपासली. आवाज चढवूनही फरक अर्ध्या व्होल्टचासुद्धा नाही. मग काळ्या बाजूची.

"चार," म्वेंडे पुटपुटली.

"शून्याच्या जवळ हवा होता. सापडला चोर!"

काळी तार पत्र्याला एका बोल्टने घट्ट बसवली होती. बोल्ट नेमका बिबट्याच्या डाव्या डोळ्यात होता. नेकेसाने बॅटरीची तार काढली, मग पाना लावून बोल्ट सोडवला. खाली पत्रा चकचकीत असायला हवा होता. तो पिवळाधमक होता.

"मी हा पत्रा खरवडून कोरा केला होता," ती सावकाश म्हणाली. "रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून थोडी झिरपत होती, म्हणून गाणं हळू वाजत होतं."

बाहेर मुस्योकाचा चेहरा उतरला. "पण मी तो बोल्ट काढलाच नाही!"

आत अंधारात म्वेंडेच्या नखांवर पिवळा रंग होता. नेकेसाने तो पाहिला. हातातला पाना पुसत राहिली.

"मी काढला," म्वेंडे एकदम म्हणाली, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बिबट्या आंधळा दिसत होता. बोल्ट काढून मी डोळा रंगवला, मग परत लावला. आंटीची काही चूक नाही."

ओगुटू काही बोलायला गेला, पण नेकेसाने बाकाखालूनच हात वर केला.

"चूक कबूल करणाऱ्याने ती दुरुस्तही करावी. हा घे सँडपेपर. घास."

"डोळा जाईल," म्वेंडे सँडपेपर मागे घेत म्हणाली.

"घासून तर बघ."

म्वेंडे घासू लागली. पिवळी भुकटी उडाली, आणि तिच्याखालून चंदेरी गोल उजळला. बोल्टपेक्षा थोडा मोठा. नेकेसाने तार बसवली, आवळली, वरून गंज चढू नये म्हणून बोटभर ग्रीस फासलं. बोल्टभोवती चकाकती कडा उरली. टॉर्चच्या उजेडात बिबट्याचा डोळा असा लकाकला की आत डोकावलेला मुस्योका गुडघ्यांवर बसून बघतच राहिला.

"आवाज चढव," बॅटरीची तार परत जोडून नेकेसा म्हणाली. "पूर्ण."

ढम! जॅकरांडावरचे कावळे उडाले. शेजारच्या टपरीवरचा चहा कपात नाचला. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, लाल दिवा लागला नाही. ड्रायव्हर दारात उभा राहून नाचू लागला. ओगुटूने डोक्यावरची टोपी काढली.

"आंटी, पुढच्या गाडीचं..."

"आधी जेवू दे. चपाती गार झाली."

दोनला दहा कमी असताना मटाटू निघाला. स्टेजवर, म्हणजे थांब्यावर, पोचायच्या आतच कोपऱ्यावरची पोरं धावत चढली. नेकेसा झाडाखाली बसून चपाती घेवड्याच्या रश्शात बुडवत होती. गाडी नजरेआड झाली, तरी ढमढम बराच वेळ ऐकू येत राहिली.

घास तोंडात असतानाच तिला दिसलं. अंगणात मुस्योकाने रंगवायला घेतलेली दुसरी गाडी उभी होती. म्वेंडे तिच्या बाकाखाली शिरली होती, फक्त पायांचे तळवे बाहेर. रंगाचा डबा तिने दूर ठेवला होता. आतून बोल्टच्या जागी सँडपेपर घासल्याचा आवाज येत होता.