गल्लीच्या पाण्याची कारभारीण

लाँड्रीवालीचा पंप सुरू झाला की गल्लीतले बाकीचे पंप उचक्या देऊ लागत. सगळ्यात खोल बोअर तिचा आणि सगळ्यात मोठा आवाजही तिचाच, त्यामुळे 'जरा बेतानं उपसा' असं तिला सांगायची कुणाची छाती होत नसे. शेजारी तिच्या नणंदेची रोपवाटिका होती. तिथली विहीर तळ दाखवू लागली, तशी नणंद-भावजयीत आधी कुरबुर झाली आणि मग अबोला.

त्यातच लाँड्रीवालीनं आणखी एका बोअरची परवानगी मागितली. भूजल खात्याच्या बाई स्वतः आल्या.

"एकट्यादुकट्याला आता परवानगी नाही," त्या म्हणाल्या. "जमिनीखाली पाणी सगळ्यांचं एकच. आधी गल्लीनं मिळून नियम ठरवा."

सभा लाँड्रीतच भरली; एवढी ऐसपैस खोली दुसऱ्या कुणाकडे नव्हती. लोक कपड्यांच्या गाठोड्यांवरच टेकले. बाईंनी सगळ्यांना नणंदेच्या विहिरीपाशी नेलं आणि लाँड्रीचा पंप सुरू करायला लावला. बघता बघता पाणी खाली सरकलं आणि ओले दगड उघडे पडले.

लाँड्रीवालीनं ते पाहिलं मात्र, तशीच धावत जाऊन तिनं पंप बंद केला.

"ताई, मला वाटायचं तुमची विहीरच कमनशिबी!"

"विहीर नाही गं, शेजार!" नणंद म्हणाली आणि दोघींनाही हसू फुटलं.

तरी नियमांवर घोडं अडलंच. उपसा कमी करायचा तो दुसऱ्यानं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत!

शेवटी नणंदच म्हणाली, "वहिनीला प्रमुख करा. तिचं ऐकणार नाही असा माणूस दाखवा."

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," बेकरीवाला पुटपुटला.

"ऐकू आलं मला! उद्यापासून पंप पाळीनं चालतील. पहिला बंद राहील तो माझा, दुसरा तुमचा," लाँड्रीवाली कडाडली.

आणि ती बोलल्याप्रमाणे वागली. नव्या बोअरचा हट्ट सोडला. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरू लागली. छपरांवरचं पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडायला तिनं अख्खी गल्ली कामाला जुंपली. बेकरीवाला तर फावडं घेऊन सगळ्यांच्या आधी हजर! पाळी चुकवणाऱ्याच्या दारात ती कमरेवर हात ठेवून उभी राही. तेवढं पुरे होई.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी नणंदेची हाक आली, "वहिनी, लवकर ये!"

लाँड्रीवाली साबणाच्या हातांनीच पळाली. विहिरीत वाकून पाहते तो काय, भर उन्हाळ्यात पाणी हाताशी आल्यासारखं दिसत होतं. गल्ली लोटली. नणंदेनं बादली ओढली आणि आनंदाच्या भरात ओंजळभर पाणी भावजयीच्या तोंडावर उडवलं.

"ताई! वाया नका घालवू!" लाँड्रीवाली ओरडली.

गल्ली खो-खो हसली. सगळ्यात मोठा आवाज अर्थातच तिचा होता.