चावी, झाड, साबण, घोडा, खिडकी

क्षणभर असं समजा, की तुम्ही एकवीस वर्षांचे आहात, तुमच्या हातात एक मळकं कार्ड आहे आणि तुमच्यासमोर एक माणूस गुडघ्यांवर बसलाय. त्याच्या नाकातून रक्त येतंय. हनुवटीवरून ते बॉक्सिंगच्या रिंगमधल्या कापडावर टपटप पडतंय. त्या कापडावर आधीच्या माणसांच्या रक्ताचे तपकिरी डाग आहेत, त्यांच्याच शेजारी. दहा-बारा जण दोरांना रेलून तुमच्याकडे बघताहेत. हा माणूस ठीक आहे की नाही, हे तुम्ही सांगायचंय. आणखी कुणी नाही, तुम्हीच. जमतंय का बघा. जमलं, तर ताईच्या शेजारी येऊन उभे राहा.

"दादा, मी पाच शब्द सांगते. ऐकून तेच परत सांगा," ताई म्हणाली. तिने कार्डावरून एकेक वाचला. "चावी, झाड, साबण, घोडा, खिडकी."

"चावी, झाड, साबण, घोडा, खिडकी," त्या माणसाने एका दमात सांगितलं आणि दातांवरचं रबर काढून तो हसला. रबरही लाल झालं होतं. "पाच मिनिटांनी पुन्हा विचारणार ना? विचारा. इथंच आहे मी, पळून कुठं जातोय!"

सगळे हसले. पाच मिनिटांनी ताईने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. ताईने वहीत लिहिलं, 'पाच पैकी पाच', आणि खाली सही केली. आयुष्यातली तिची ती पहिली सही, जिच्यावर कुणाचं काही अवलंबून होतं. तिला त्या सहीचा अभिमान वाटला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ताई फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजने तिला सहा महिने कामाचा अनुभव घ्यायला या मोठ्या शहरात धाडलं होतं. सकाळी हॉस्पिटल आणि दुपारनंतर ही बॉक्सिंगची तालीम. राहायला चौथ्या मजल्यावर एक खोली. तीन खाटा, चार मुली, त्यामुळे रोज कुणीतरी जमिनीवर. आईचा फोन आला की ती म्हणायची, "पेशंट चांगले आहेत गं." आई विचारायची, "म्हातारी माणसं असतील ना? गुडघे वगैरे?" ताई म्हणायची, "हो, गुडघे वगैरे."

तालमीचं दार इतकं बुटकं होतं, की नवीन माणूस हमखास चौकटीवर आपटायचा. पहिल्या दिवशी ती आत शिरताना कुणीतरी पटकन चौकटीच्या वरच्या कडेवर पंजा धरला. तिचं डोकं लाकडाऐवजी त्या पंजाला लागलं.

"सांभाळा, डॉक्टर. इथं आत येताना डोकं फुटायला नको. आत आल्यावर फुटतंच आहे."

"मी डॉक्टर नाही अजून."

"मग मीही बॉक्सर नाही. जमेल आपलं."

हाच तो माणूस. वय चौतीस. सगळे त्याला 'उशी' म्हणायचे, कारण त्याचं काम मार खाण्याचं होतं. उद्याच्या लढतीसाठी तयार होणाऱ्यांना सरावाला खराखुरा माणूस लागतो. तो माणूस उशी. बारा वर्षं तो या रिंगमध्ये दुसऱ्यांच्या लढतींसाठी मार खात होता. स्वतःची लढत त्याने कधीच लढली नव्हती. पण कामात अगदी चोख. अमुक ठिकाणी ठोसा मारायचाय म्हटलं की तेवढी जागा उघडी ठेवायचा.

पहिल्या आठवड्यात ताई दोनदा न्हाणीघरात जाऊन उलटी करून आली. उशीनेच तिला शिकवलं. "डोळ्यांनी बघू नका, कानांनी ऐका. फट् वाजलं तर ग्लोव्हवर बसला, काही नाही झालं. धप् वाजलं तर अंगात गेला. आणि काहीच वाजलं नाही ना, तर धावत या."

ती शिकली. महिन्याभरात तिला रक्ताचं काही वाटेनासं झालं. आणि एका दुपारी, उशी कोपऱ्यात सापडला असताना, कुणीतरी ओरडलं, "खाली घे! बरगडीत घाल!" दोन श्वासांनंतर तिच्या ध्यानात आलं, की ओरडणारी ती स्वतःच होती. त्या रात्री ती न जेवताच झोपली.

उशीची आठ वर्षांची मुलगी शाळा सुटली की तालमीत येऊन बसायची. आई कारखान्यात दुसऱ्या पाळीला, घरी कुणी नाही. संध्याकाळपर्यंत दोरीवरच्या उड्या मारायची, म्हणून तिचं नाव 'टिकटिक'. तिला आणायला उशी स्वतः जायचा. एके दिवशी तो तिचं दप्तर खांद्याला आणि पाण्याची बाटली गळ्यात अडकवून आला, पण बरोबर टिकटिक नव्हती.

"अरे उशा, सामान आणलंस, पोरगी कुठंय?" मास्तरांनी विचारलं. मास्तर म्हणजे तालमीचे मालक आणि शिक्षक, दोन्ही.

उशीने मागे वळून बघितलं, मग दप्तराकडे बघितलं. सगळी तालीम खदाखदा हसली. तोही हसला आणि धावत सुटला. पोरगी शाळेच्या कोपऱ्यावर पाऊण तास उभी होती. ताईही हसली होती. फक्त घरी जाताना जिना चढता चढता ती मध्येच थांबली.

मग तो मंगळवार. टिकटिक मागच्या मोकळ्या जागेत उड्या मारत होती. दोरी जमिनीवर आपटायची आणि प्रत्येक आपटण्याला एक शब्द.

"चावी, झाड, साबण, घोडा, खिडकी! चावी, झाड, साबण, घोडा, खिडकी!"

ताईच्या हातातली बर्फाची पिशवी तशीच राहिली. "हे गाणं कुणी शिकवलं गं तुला?"

"गाणं नाहीये, बाबांचा अभ्यास आहे!" टिकटिकने उडी न थांबवता सांगितलं. "रोज सकाळी मी घेते. बाबा अडले तर मी पहिलं अक्षर सांगते. आता पुष्कळदा अडतात. घोडा तर नेहमीच विसरतात."

"आणि अभ्यास कशाला?"

"नाही आलं तर चार आठवडे रिंगमध्ये घेत नाहीत. एवढंही माहीत नाही तुला?"

ताई आत आली. फरशी पुसणाऱ्या मावशींना तिने विचारलं, "मावशी, ते पाच शब्द..." मावशींनी मान वर न करता, फडकं पिळता पिळता पाचही सांगून टाकले. कार्ड कितीतरी वर्षांपूर्वीचं होतं. कधी कुणी बदललंच नव्हतं. जो मार खाऊन उठायचा, तो तेच पाच शब्द म्हणायचा आणि पुन्हा उभा राहायचा. ताईच्या वहीत सहा आठवड्यांत उशीच्या नावापुढे सात वेळा 'पाच पैकी पाच' होतं. खाली सातही वेळा तिची सही.

ती थेट उशीपाशी गेली. तो बाकावर हातांना पट्ट्या गुंडाळत होता.

"दादा, दही लावलेला डबा कधी जोरजोरात हलवलाय?"

"नाही बुवा."

"डब्याला काही होत नाही. ओरखडाही नाही. पण झाकण उघडलं की आतलं दही मोडलेलं असतं. ते पुन्हा पहिल्यासारखं लागत नाही. तुमच्या डोक्यावरचा तो टोप नुसता डबा सांभाळतो. दही नाही."

उशी बराच वेळ पट्टी गुंडाळत राहिला. त्याला समजलं नाही असं नव्हतं.

"कार्ड बदलू नका, डॉक्टर," तो हळूच म्हणाला. "दहा दिवसांवर आपल्या चॅम्पियनची लढत आहे. तेवढी होऊ द्या, मग मीच थांबतो. मला दुसरं काही येत नाही हो. लोक मारायला शिकतात. मार खायला कोण शिकतं? मी शिकलो. नीट शिकलो. हेच माझं एक कसब, तेही तुम्ही काढून घेणार?"

ताई काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं त्याने धरलं. "उपकार झाले," म्हणाला.

घरी येऊन तिने खाटेवर बसून एक नवं कार्ड लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. सकाळी मास्तरांना दाखवलं. मास्तरांनी वाचून परत तिच्या हातात दिलं.

"पोरी, सहा महिन्यांचा तुझा दाखला कुणाच्या सहीने जातो?"

"तुमच्या."

"मग शहाणी हो. पोराची लढत तोंडावर आलीये. उशी बसला तर त्याने सराव काय भिंतीशी करायचा? जुनं कार्ड वापर."

पोरगा म्हणजे तालमीचा चॅम्पियन, बावीस वर्षांचा. लढत जवळ आली तसं त्याचं बोलणं कमी आणि हात जड होत चालले होते. शुक्रवारी तो रिंगमध्ये उतरला तेव्हाच ताईने ओळखलं, आज हा सराव करायला आलेला नाही. तिच्या एका खिशात जुनं कार्ड होतं, दुसऱ्यात नवं.

पहिल्या फेरीत उशीची भुवई फुटली. फट्, फट्, धप्. मास्तर दोरावर मूठ आपटत होते, "डोक्यावर! डोक्यावर घे त्याला!" दुसऱ्या फेरीत उशी दोरांवर गेला, दोरांनी त्याला परत फेकलं आणि तो ठोशावरच येऊन आदळला. भुवईतलं रक्त डोळ्यात उतरलं होतं. त्याला एका बाजूचं दिसत नव्हतं, हे चॅम्पियनला कळलं आणि त्याने तीच बाजू धरली. एक, दोन, तीन. उशीचे हात खाली आले.

"बस करा!" ताई ओरडली.

"अजून वीस सेकंद!" मास्तर ओरडले.

आणि मग काहीच वाजलं नाही.

उशी बसला नाही, वाकला नाही. जसाच्या तसा आडवा पडला. गाल कापडावर, एक पाय अंगाखाली, आणि तो पाय थोडा वेळ आपला आपणच झटके देत राहिला. मागच्या जागेतली दोरी थांबली. ताई धावली. तिने त्याची मान दोन्ही हातांत धरली, श्वास बघितला, बाहुल्या बघितल्या. अर्ध्या मिनिटाने त्याने डोळे उघडले.

"उठू नका. हलू नका. ॲम्ब्युलन्सची वाट बघायला वेळ नाही, टॅक्सी बोलवा कुणीतरी!" ती म्हणाली.

"आधी कार्ड," मास्तर म्हणाले. "शब्द सांगितले तर टॅक्सी कशाला?"

ताईने खिशात हात घातला. कोणत्या, ते तुम्हाला सांगायला नको.

"दादा, पाच शब्द. कंगवा, ढग, पिशवी, बेडूक, शिडी."

उशी हसला. रक्ताळलेल्या ओठांनी त्याने खणखणीत आवाजात सांगितलं, "चावी, झाड, साबण, घोडा, खिडकी." आणि मास्तरांकडे बघितलं. "पाचही आले ना? घोडासुद्धा आला."

कुणी हसलं नाही.

"दादा, हे वेगळे आहेत. नीट ऐका." तिने पुन्हा, एकेक शब्द सावकाश वाचला.

"कंगवा," उशी म्हणाला. कपाळाला आठ्या घालून तो शोधत राहिला. "कंगवा... झाड..."

"ढ," दोरांखालून बारीक आवाज आला. टिकटिक हनुवटी रिंगच्या कडेवर टेकून उभी होती. "बाबा, ढ! ढ, पि, बे..."

उशीला ते ऐकू आलं नाही. तो ताईला म्हणाला, "जरा लवकर सोडा, डॉक्टर. पोरीला शाळेतून आणायचंय. ती कोपऱ्यावर उभी राहते."

टिकटिकचं तोंड 'बे'वरच उघडं राहिलं.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "लिही पोरी. पाच शब्द सांगितलेत त्याने. कोणते का असेनात."

ताईने वही उघडली. 'पाच पैकी एक' असं लिहिलं. खाली, 'रिंगमध्ये घेऊ नये. तपासणीसाठी हॉस्पिटलमध्ये नेत आहे.' सही केली. मग पानं मागे उलटत ती आधीच्या सातही सह्यांपर्यंत गेली आणि प्रत्येक सहीवर एक आडवी रेघ मारली. पेन कागदातून आरपार जात होतं. वही मास्तरांच्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "दाखल्याचं काय ते तुम्ही बघा."

मास्तरांनी वही उचलली नाही. चॅम्पियनने हातातले ग्लोव्ह न काढताच फळकुटाची खाट आणली आणि एका बाजूने धरली. 

उशी मात्र खाटेवर झोपायला तयार होईना. "प्रेत आहे का मी? चालत जातो." उठताना तोल गेल्यावर मग आडवा झाला. रस्त्यावर टॅक्सी आली तेव्हा तिच्या मागच्या सीटपर्यंत तेवढं त्याला धरून न्यायचं होतं. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला चॅम्पियन. ताईने त्याची मान हाताने तोलली होती. पावलं वाकडी पडत होती.

"मी सगळे सांगू का?" टिकटिक ताईच्या पायांत येत म्हणाली. "कंगवा, ढग, पिशवी, बेडूक, शिडी. मला आले. मग चालेल ना?"

"तुला आले, बाळा," ताई म्हणाली. "तुला छान आले."

टिकटिकने तिच्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा टॅक्सीच्या दारापाशी उभे होते आणि आत कसं शिरायचं ते त्यांना उमगत नव्हतं. तिने दोरी दप्तरात कोंबली. दप्तर पाठीला लावलं. बाबांची पाण्याची बाटली गळ्यात घातली. सगळ्यांच्या मधून वाट काढत ती पुढे गेली, टॅक्सीच्या उंबरठ्यावर एक पाय देऊन चवड्यावर उंच झाली आणि दाराच्या वरच्या कडेवर तिने आपला पंजा धरला.

"वाका, बाबा," ती म्हणाली. "सावकाश."