पेडलचा गळा

पालमच्या बसस्टँडसमोर दैवशालाबाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. धंदा वडिलांचा. रेडिओ गेले, पण बाईंनी तो मिक्सर आणि स्पीकरच्या जोरावर चालू ठेवला. सोमवारी सकाळी ताडकळसची संघप्रिया एसटीतून उतरली ती थेट त्यांच्याकडेच आली. खांद्याला गिटार, हातात बुटाएवढा लोखंडी डबा.

"मावशी, हे वा पेडल. पायानं दाबलं की गिटार माणसावानी 'वा' म्हणती. आता दाबलं तरी काईच फरक पडंना. उद्या दुपारी आमच्या गायन पार्टीचा कार्यक्रम हाय."

असलं यंत्र बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. पण झाकण काढलं तर आत सगळी ओळखीचीच मंडळी निघाली: दोन ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टन्स, कंडेन्सर आणि एक बारकी कॉईल. मीटर लावला. कॉईलची तार आतून तुटली होती.

"नवी मागवली तर आठ दिस लागतेत," संघप्रिया म्हणाली.

"मागवती कशाला? बस."

बाईंनी माळ्यावरून एक मेलेला ट्रान्झिस्टर रेडिओ काढला. त्यातला बोराएवढा ट्रान्सफॉर्मर सोडवला आणि त्याच्या एका बाजूच्या दोन तारा कॉईलच्या जागी सोल्डरिंगचा डाग देऊन जोडल्या. संघप्रियानं गिटार छेडली. पेडल बोलायला लागलं, पण डब्यात माशी अडकावी तसं.

"लय पातळ हाय," ती हिरमुसून म्हणाली.

बाईंना मात्र हुरूप आला. रेडिओत स्टेशन धरतात ते कॉईल आणि कंडेन्सरच्या जोडीनं. इथंही जोडी तीच होती. त्यांनी कंडेन्सर थोडा मोठा घातला. सूर खाली उतरला, भरला, पण तोंडात घास धरून बोलल्यासारखा वाटायला लागला. मग त्यांनी कॉईलला आडवा लावलेला, सूर दाबणारा रेझिस्टन्स काढून जास्त ओमचा, म्हणजे कमी दाबणारा, बसवला.

संघप्रियानं पेडल दाबलं आणि गिटार चक्क तोंड उघडून म्हणाली, "वाऽऽ."

शेजारचा चहावाला किटली घेऊन तसाच दारात आला. संघप्रिया हसत सुटली. तिनं बाईंना ओढून पेडलवर पाय ठेवायला लावला. ती वाजवायची, बाई दाबायच्या. अर्धा तास दुसरं कामच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून बाई ताडकळसला गेल्या. कार्यक्रमात संघप्रियाचा तुकडा आला तसे मुख्य गायक धम्मानंद गायचे थांबून तिच्याकडे बघत राहिले. लोकांनी तोच तुकडा तीनदा वाजवायला लावला. मग संघप्रियानं माईक घेतला. "हा गळा पालमच्या दैवशालामावशींनी बसवलाय," ती म्हणाली, आणि सगळा मांडव मागं वळला.

बाईंनी पदर सावरला. शेजारची बाई कौतुकानं बघायला लागली, तशा तिच्या कानाशी लागून त्या म्हणाल्या, "कंडेन्सर जरा बारका चालला असता. उद्या बदलून बघती."