हा धूर नव्हे

सासरे बॉयलरवरून ब्लीचिंगच्या शेडमध्ये आले, तेव्हा सगळी कागदगिरणी गालातल्या गालात हसली. सून मुकादम आणि सासरा तिच्या हाताखाली. "आता घरीसुद्धा सुनेला विचारूनच चहा प्यायचा का?" कुणीतरी डिवचलं. सासरे म्हणाले, "घरी कधीपासूनच विचारून पितोय. इथे त्याचा पगार मिळतो."

काम तिने त्यांना नीट समजावलं होतं. शिजवून धुतलेल्या पेंढ्याचा लगदा इथे येतो तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी असतो. पहिल्या हौदात तो ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात फिरत राहतो आणि हळूहळू सायीच्या रंगावर येतो. मग स्वच्छ धुऊन दुसऱ्या हौदात त्याला पातळ अॅसिडचं पाणी द्यायचं. दोन्ही हौद फरशीखालच्या एकाच नालीत रिकामे होतात, म्हणून एक नियम होता: एकाचं पाणी सुटलेलं असताना दुसऱ्याचा कॉक उघडायचा नाही. ती दोन पाणी एकत्र आली की क्लोरीन उठतो.

"सवतीच म्हणायच्या," सासरे म्हणाले होते.

"मामा, चेष्टा नाही ही."

"अगं, सगळी हयात आगीशेजारी काढली. आता पाण्याला भिऊ?"

त्या दुपारी अॅसिडचा हौद रिकामा होत होता. ती वर, हौदांच्या काठाला लागून असलेल्या लोखंडी जाळीवर उभी राहून पहिल्या हौदातला लगदा मुठीत पिळून पाहत होती. अजून पिवळसर होता. पावडरचं पाणी अजून तीव्र होतं. खाली नालीत काड्या अडकल्या आणि फरशीच्या फटींतून पाणी वर आलं. बॉयलरकडे नाली तुंबली की जवळचा कॉक उघडून पाण्याच्या लोंढ्याने ती मोकळी करायची रीत होती. खाली असलेल्या सासऱ्यांनी तेच केलं. जवळचा कॉक पहिल्या हौदाचा होता.

तिच्या नाकाला आधी कळलं. मग तिने खाली पाहिलं. फटींतून फिकट हिरवट-पिवळं काहीतरी येत होतं आणि वर न चढता, उतू गेलेल्या दुधासारखं फरशीवर पसरत होतं.

अॅसिडच्या कॉकचं चाक वरच होतं. ते तिने फिरवून बंद केलं आणि भिंतीवरच्या भोंग्याची दांडी ओढली. पण नालीत जे भेटायचं ते भेटून गेलं होतं. मास्क खाली, दाराशी टांगलेला. फरशीचा उतारही दाराकडेच.

सासऱ्यांनी तो रंग पाहिला आणि रुमाल भिजवून नाकाला लावला. मग ते फरशीवर पालथे झाले आणि दाराकडे सरपटू लागले. धुरात चांगली हवा जमिनीलगत असते, हे त्यांनी बॉयलरवरच्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं. तिच्या नवऱ्याला तर लहानपणी घरात सरपटायला लावून शिकवलं होतं.

"मामा, उभे राहा. शिडीवर या."

त्यांनी हातानेच तिला खुणावलं. "तू आडवी हो. वर मरशील."

"हा धूर नाही मामा. हा हवेपेक्षा जड आहे, खाली साठतो. तुम्ही त्याच्यातच शिरताय."

ते खोकले आणि पुढे सरकले. रंग त्यांच्या कोपरांशी आला होता. त्या रंगात किती थोडे श्वास पुरतात ते तिला माहीत होतं. खाली गेली तरी एवढा माणूस तिला उचलणार नव्हता. दोघंही तिथेच राहतील. नवऱ्याला कोण सांगेल, कुठल्या शब्दांत सांगेल, हे नको तेव्हा डोक्यात आलं.

सुनेचं ऐकून ते उठणार नाहीत, हेही कळत होतं.

तिने पदराचं टोक नाकाशी धरलं आणि शिडीवर पाय ठेवला. "मग मीच येते खाली."

ती नाटक करत नव्हती. ती खरंच उतरत होती. एक पायरी, मग दुसरी. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. सासऱ्यांनी मान वळवून तिची पावलं पाहिली.

"वर जा म्हणतो ना."

"तुम्ही उठेपर्यंत नाही."

तिला ढकलून वर घालवायला म्हणून ते उठले. उभे राहिले, आणि त्यांचं डोकं त्या रंगाच्या वर आलं. एक श्वास आत गेला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम लहान मुलासारखं आश्चर्य दिसलं. मग ते शिडीला लागले आणि खोकत खोकत तिच्या टाचांना तळव्यांनी वर रेटत राहिले. जाळीच्या टोकाच्या खिडकीतून दोघंही गोदामाच्या पत्र्यावर उतरली.

दवाखान्यात त्यांना ऑक्सिजनची नळी लावून बसवलं. "मुकादमबाईंच्या हुकमाशिवाय वर आलो नाही," ते नर्सला म्हणाले आणि नर्स हसली. सून हसली नाही. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि ते तिला आधीच ठाऊक होतं: गॅस फुप्फुसं आत्ता भाजतो, त्यांत पाणी नंतर भरतं. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही; श्वासात बारीक आवाज आला तर लगेच बोलवा.

थोड्या वेळाने त्यांना बसल्याबसल्या झोप लागली. तिने त्यांच्या पाठीला कान लावला. श्वास आत जाताना शेवटी अगदी बारीक आवाज होता, कानाजवळ केस चोळावेत तसा. कदाचित नव्हताही. तिने पुन्हा कान लावला.

"काय ऐकतेस?" सासरे जागे झाले.

"बोलू नका. मोठा श्वास घ्या."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. एखादी कोटी करायला ओठ हलले, पण कोटी आली नाही. त्यांनी श्वास घेतला आणि तिचं मनगट धरलं.

"अजून एक," ती म्हणाली, आणि मोकळ्या हाताने नर्सला खूण केली.