मधली सीट

"हे सगळं पोरांसाठीच चाललंय," असं नवरा म्हणाला की मी ओळखते, याला स्वतःसाठी काहीतरी हवंय. या वेळी हवी होती सेकंडहँड स्टेशन वॅगन. मागे पलंगाएवढी डिकी आणि पुढे शर्यतीच्या गाडीचं इंजिन.

पोरं दोन, तिसरं पोटात, आठवा महिना. पोरांना मावशीकडे सोडून आम्ही डीलरकडे गेलो. नवऱ्याने डिकीत बाबागाडी घालून पाहिली, घरून आणलेल्या मुलांच्या दोन्ही सीटा मागे बसवल्या. सोबत आलेल्या सासूबाईंनी गुडघ्यांचं कारण सांगून पुढची जागा पटकावली. मी सहज ड्रायव्हरच्या सीटवर टेकले आणि अडकलेच. सीट पार जमिनीला टेकलेली, वर दोन्ही बाजूंनी आवळणारी. नवऱ्याने हात धरून ओढलं.

"वहिनी, जरा जोर लावा," डीलर म्हणाला.

"जोर पुढच्या महिन्यात लावायचाय. किल्ली द्या."

नवरा मागे दोन सीटांच्या मधे कोंबला गेला, गुडघे पार कानाशी. मोकळा रस्ता दिसताच मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. गाडी अशी सुटली की सासूबाई जन्मात पहिल्यांदा माझ्यावर खूश झाल्या. "आणखी पळव!"

"अगं, हळू!" मागून आवाज आला.

परतल्यावर डीलरने विचारलं, "दादा, कशी वाटली?"

"जरा साधी दाखवा," पांढराफटक नवरा पुटपुटला.

मी अजून सीटमध्येच रुतलेली होते. म्हटलं, "हीच घ्यायची. पोरांसाठीच चाललंय ना सगळं?"